ऑस्मुनची जागा

आधीच सांगून ठेवते, ऑस्मुन हेग्गेवर माझा राग आहे. अजून गेलेला नाही. कोणी म्हणेल, टोर्डिस, तुझा राग कोणावर नसतो ते सांग. खरं आहे. अळंबी तपासायच्या टेबलामागे बसणाऱ्या बाईला गोड बोलून चालत नाही. सप्टेंबर लागला की निम्मं ऑस्लो टोपल्या घेऊन नूरमार्काच्या जंगलात घुसतं आणि परतताना सोंग्सवान तळ्याच्या काठी आमच्यापुढे रांग लावतं. एखाद्याच्या टोपलीत तळाशी पांढरी विषारी अळंबी निघते. ती मी बादलीत टाकली की माणसं अशी बघतात, जणू मी त्यांचं लेकरू हिसकावून घेतलं. मग मी ओरडते, "घरी नेऊन खा आणि उद्या नवीन यकृत शोधत फिर!" एवढं ऐकलं की गप्प होतात.

ऑस्मुनला खरं तर काही तपासून घ्यायची गरज नव्हती. जन्मभर त्याने ट्राम चालवली आणि जन्मभर पिवळी अळंबीच वेचली, आम्ही जिला जंगलातलं सोनं म्हणतो ती. ती शेंबडं पोरही ओळखतं. तरी दर रविवारी हा बाबा रांगेत उभा राहायचा. त्याची पाळी आली की टोपलीवरचा निळ्या चौकड्यांचा रुमाल हळूच बाजूला करायचा आणि मागच्या माणसांच्या तोंडून "आऽऽ" निघायचं. त्या "आऽऽ"साठीच यायचा तो.

"टोर्डिसबाई, जरा नीट बघा हं. विषारीबिषारी नाही ना?"

"विषारी तू आहेस. चल, पुढे सरक."

एखादा नवखा विचारून बसायचा, "कुठे मिळाली हो एवढी?" रांगेतली माणसं लगेच दुसरीकडे बघायला लागायची, त्या बिचाऱ्याची लाज वाटून. ऑस्मुन मात्र शांतपणे म्हणायचा, "जंगलात."

आमची माणसं तशी मोकळी. पगार विचारा, सांगतील. पोटावरचे ऑपरेशनचे टाके शर्ट वर करून दाखवतील. पण अळंबीची जागा? ती सख्ख्या भावालासुद्धा सांगत नाहीत. ती सांगायची एकाच वेळी, मरताना. ऑस्मुनला त्याची जागा मावशीने दिली होती. तिचा श्वास लागलेला, पाद्री दारात उभा, आणि तिने पाद्रीला बाहेर काढून भाच्याला आत बोलावलं. हे त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. मावशीचं नाव सांगितलं, तिचा आजार सांगितला. जागेबद्दल म्हणाल तर ताकास तूर लागू दिली नाही.

त्या जागेला जाण्याची त्याची तऱ्हाही तशीच. भुयारी गाडीतून कधी एक स्टेशन आधी उतरायचा, कधी तळ्याला उलटी फेरी मारायचा. एकदा एका दातांच्या डॉक्टरने त्याचा पाठलाग केला. ऑस्मुनच्या ते लगेच ध्यानात आलं. मग त्याने त्या डॉक्टरला दिवसभर दलदलीतून, काट्याकुट्यांतून फिरवलं, आणि शेवटी जंगलातल्या खानावळीपाशी आणून स्वतःच्या पैशाने कॉफी पाजली. "छान फेरी झाली, नाही?" म्हणाला. डॉक्टरचे बूट चिखलाने भरलेले. तो पुन्हा कधी त्या बाजूला फिरकला नाही.

बाकी माणूस अगदी देवमाणूस. आम्ही एकाच इमारतीत राहतो, म्हणून सांगते. हिवाळ्यात सगळ्यांच्या आधी उठून जिन्यापुढचा बर्फ तोच काढायचा. फ्योर्डच्या खाडीतून मासे आणले की निम्मे वाटून टाकायचा. त्याची बायको गुड्रुन नाटक कंपनीत कपडे शिवायची, राजाराण्यांचे झगे. तिला पास मिळायचे. ऑस्मुन प्रत्येक नाटकाला कोट घालून जायचा आणि पहिल्या अंकातच घोरायला लागायचा. गुड्रुन म्हणायची, "झोपू दे. त्याच्या घोरण्याने नट जागे राहतात." अशी ती दोघं. जन्मात कधी त्यांच्या घरातून मोठा आवाज आला नाही.

पण रविवारी तो एकटाच जायचा. ती वाट बघत बसायची.

मी एकदा न राहवून विचारलं, "गुड्रुन, तुला राग नाही येत? इतकी वर्षं संसार केलास, तुला तरी सांगावी की त्याने!"

"अळंबी घरी येते ना?" ती म्हणाली. "मग झालं तर."

गेल्या वर्षी तिची धाकटी बहीण बोर्गिल आली, पार वरून, उत्तरेच्या टोकावरच्या वार्डोहून. तिथे समुद्र, वारा आणि मासे. झाड म्हणून बघायला मिळत नाही. त्यामुळे बोर्गिल राजधानीत आली ती सगळं लुटायच्या तयारीने. शुक्रवारी ऑपेरा बघितला आणि नंतर, सगळेच चढतात तशी, त्या ऑपेरागृहाच्या उतरत्या पांढऱ्या छपरावर चढून बसली. शनिवारी दोन संग्रहालयं आणि कोबी घातलेलं मटण, तेही दोनदा वाढून घेतलं. आणि रविवारी तिला जंगल हवं होतं.

"भावजी, मला पण न्या की! नुसती मागे मागे येईन. तोंडातून शब्द काढणार नाही."

"तू?" ऑस्मुन म्हणाला. "तू झोपेतही बोलतेस."

"डोळे बांधून न्या मग!"

"तुझं तोंड कोण बांधणार?"

सगळी हसली. त्याने तिला वचन दिलं की आज दोन टोपल्या भरून आणीन. तिने वार्डोहून रेनडियरचं मटण आणलं होतं, त्यात लोणी आणि साय घालून अळंबी शिजवायची असं ठरलं. तो उजाडताच निघाला. हे मला त्या दोघींकडूनच नंतर कळलं.

दुपारी मी टेबलावर होते. आभाळ भरून आलेलं, रांग लांबलेली. ऑस्मुनची यायची वेळ टळून गेली तरी तो दिसला नाही. मला वाटलं, पाहुणी आलीय, सरळ घरी गेला असेल. तेवढ्यात स्टेशनच्या बाजूने गुड्रुन आणि बोर्गिल लगबगीने येताना दिसल्या. गुड्रुनच्या पायात घरातल्या चपला होत्या. 

"आला का इथे?" गुड्रुनने विचारलं.

"नाही. का गं?"

"मी फोन केला होता त्याला. उचलला. म्हणाला, पाय जरा दुखावलाय, वाटेला लागलो की फोन करतो. कुठे आहेस म्हटलं, तर म्हणाला, जंगलात."

"आणि मग?"

"मग फोन बंद."

"बॅटरी गेली असेल," बोर्गिल म्हणाली.

मी टोपल्या तशाच टाकल्या आणि पोलिसांना फोन लावला. आमच्याकडे जंगलात माणूस चुकला की कोणी वेळ काढत नाही. पोलीस आले, लाल जॅकेटं घातलेले स्वयंसेवक आले, दोन कुत्रे आले. त्यांची प्रमुख मारीत नावाची एक दणकट मुलगी होती. तिने आमच्याच टेबलावर नकाशा पसरला.

"फोनवरून अंदाज लागतो, पण फार मोठ्या पट्ट्याचा," ती म्हणाली. "नेहमी कुठे जातात ते?"

सगळ्यांनी गुड्रुनकडे पाहिलं. 

"तिला नाही माहीत," मी म्हटलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "कोणालाच माहीत नाही! त्या अळंबीपायी हा माणूस आयुष्यभर चोरासारखा गेला-आला. आता शोधा बसून! एवढं मोठं जंगल, पाऊस येतोय, आणि..."

"मला माहीत आहे," गुड्रुन म्हणाली.

मी आ वासून बघतच राहिले.

"काय माहीत आहे?"

"जागा."

बोर्गिल खाली बाकावरच बसली. मारीतने पेन्सिल पुढे केली. "दाखवा. कुठे?"

आणि मग गुड्रुनने जे केलं ते बघून माझे डोळे पांढरे झाले. नवरा जंगलात पडलेला, पावसाचे थेंब नकाशावर टपटपतायत, आणि ही बाई माझ्याकडे, आपल्या बहिणीकडे, मागे उभ्या असलेल्या टोपलीवाल्यांकडे बघते आणि मारीतला म्हणते, "तुमच्या कानात सांगते."

"अहो काकू, मोठ्याने सांगितलंत तरी चालेल!"

"मला नाही चालणार."

मारीतने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मुकाट्याने वाकली. गुड्रुन तिच्या कानाशी लागली. मारीतची मान हलत होती. तिनेही नकाशावर खूण केली नाही, बोटाने नुसतं दाबून बघितलं आणि नकाशाची घडी घातली. तीही इथलीच मुलगी. माणसं आणि कुत्रे घेऊन ती झाडांत शिरली.

आम्ही तिघी तळ्याकाठच्या कॉफीच्या टपरीत बसलो. पाऊस चांगलाच लागला. बोर्गिलला राहवेना.

"ताई, तुला कधीपासून माहीत आहे?"

"लग्नानंतर दुसऱ्याच वर्षापासून," गुड्रुन म्हणाली. ती कपाभोवती हात धरून बसली होती, कॉफी पीत नव्हती. "दर रविवारी एकटा जायचा. विचारलं तर हसायचा. मला वाटलं, कोणीतरी बाई आहे. म्हणून एकदा मागे मागे गेले. मैत्रिणीचा कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला."

"अगं बाई!"

"बाईच शोधत होते मी झाडांमागे. आणि बघते तर हा गुडघ्यांवर बसलेला, आणि त्या अळंबीशी बोलतोय. 'ये गं माझी सोनुली', असं म्हणत एकेक कापतोय. मी तोंडावर हात दाबून कसंबसं हसू आवरलं आणि परत आले. तो आला तेव्हा बटाटे सोलत होते."

"आणि त्याला सांगितलं नाहीस?" मी ओरडलेच. टपरीवाला दचकला.

"सांगून काय करू? त्या टोपलीवरचा रुमाल काढताना त्याचं तोंड बघितलंयस ना तू? मला माहीत आहे हे त्याला कळलं असतं, तर काढला असता का त्याने तो तसा?"

 इतक्या वर्षांत तिने तिथली एकही अळंबी खुडली नव्हती. सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. नाटकवाल्यांचे सगळ्या ऑस्लोला ठाऊक असलेले भानगडीचे किस्से आम्हाला रंगवून सांगणारी ही बाई, आणि हे एवढं पोटात ठेवून बसली होती.

अंधार पडायच्या आत मारीतचा फोन आला. गुड्रुनने तो उचलला आणि तिच्या हातातला कप कलंडला.

जागा सापडली होती. टोपल्या दोन्ही सापडल्या, काठोकाठ भरलेल्या, वर शेवाळ आणि फांद्या रचून नीट झाकलेल्या. त्याचा चाकू सापडला. घसरल्याची खूण सापडली. ऑस्मुन नव्हता.

"म्हणजे चालत गेला असेल," बोर्गिल म्हणाली. "म्हणजे पाय तेवढा वाईट नाही. हो ना, टोर्डिस?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पावसाने खुणा धुऊन टाकल्या होत्या, कुत्र्यांना वास लागेना. मारीतच्या माणसांनी त्या जागेपासून स्टेशनाकडे येणारी प्रत्येक वाट पिंजून काढली, कारण दुखावलेला माणूस घराच्याच दिशेने येणार. कोणालाही असंच वाटलं असतं. तो सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि सापडला कुठे, तर बरोबर उलट्या बाजूला. मधली दलदल ओलांडून पलीकडे, स्कीच्या रुंद वाटेवर, बाकाजवळ. केसांपर्यंत चिखल, ओठ निळे. कुत्रा त्याचं तोंड चाटायला लागला तेव्हा त्याने डोळे उघडले आणि मारीतला म्हणाला, "मी इथेच पडलो. हे बघा, बरोबर इथे."

मारीत मला हे सांगताना रडत होती. अशी दणकट मुलगी. "काकू, त्यांचं खुब्याचं हाड मोडलंय. त्या हाडावर ते दलदल ओलांडून गेलेत, सरपटत. का? आम्ही तर त्यांच्या टोपल्यांपाशी अंधार पडायच्या आत पोचलो होतो. तिथेच पडून राहिले असते तर तेव्हाच घरी नेलं असतं."

का ते मला कळलं होतं. तिलाही कळलं होतं. पण तोंडाने बोलायची दोघींची हिंमत झाली नाही.

मी हॉस्पिटलात गेले ती त्याला फाडून खायलाच. नर्सने दारात अडवलं, त्यांना बोलायचा त्रास होतो म्हणाली. मी म्हटलं, त्याने बोलायचं नाहीच आहे, मी बोलणार आहे. खोलीत गेले आणि माझा आवाजच गेला. उशीवर नुसतं नाक दिसत होतं. छातीत न्यूमोनिया झालेला, नळ्या लावलेल्या.

"टोर्डिसबाई," तो म्हणाला. "रांग सोडून आलात?"

"मूर्खा," मी म्हटलं. "फोन होता ना तुझ्याकडे?"

"होता."

"बॅटरी संपली?"

तो छताकडे बघत म्हणाला, "नाही. मी बंद केला."

"काय?"

"हल्ली फोनवरून जागा कळते म्हणे."

मी खाटेची दांडी धरली.  हा माणूस हाड मोडून पडलेला, पाऊस तोंडावर येतोय, बायको फोनवर विचारतेय कुठे आहेस, आणि हा विचार काय करतोय, तर माणसं इथे आली तर जागा कळेल. म्हणून फोन बंद करतो, टोपल्या झाकतो, आणि जिथे सापडलं तरी हरकत नाही अशा ठिकाणी स्वतःला ओढत नेतो. मला रागच इतका आला की रडू यायला लागलं.

"तू मेला असतास, ऑस्मुन! अळंबीसाठी! अरे दहा वेळा टोपली दाखवतोस ना सगळ्या जगाला, मग..."

"वाटेवर पोचलो की फोन लावणारच होतो," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "मग बोटंच चालेनात."

तेवढ्यात गुड्रुन आत आली. तिने त्याच्यासाठी घरून लोकरीचे मोजे आणले होते. त्याने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. मला म्हणाला, "टोर्डिस, तू जरा बाहेर जा." पहिल्यांदाच त्याने मला "बाई" न लावता हाक मारली. मी दारापर्यंत गेले. बाहेर गेले नाही. जाववलंच नाही.

"गुड्रुन, खाली वाक," तो म्हणाला. "जागा सांगतो तुला."

गुड्रुनचा चेहरा पांढराफटक पडला. तिचे हात मोज्यांवर तसेच राहिले. तिच्या मनात काय आलं ते मला दारातून दिसत होतं. ही जागा कधी सांगतात ते तिलाही ठाऊक होतं.

"नको," ती म्हणाली. "बरा झालास की सांग."

"आत्ताच ऐक."

"मला नाही ऐकायचं! ऐकतोयस का? मी नाही ऐकणार!" तिचा चढलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "आणि सांगायची गरज पण नाही. मला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे."

ती वाकली आणि त्याच्या कानात काहीतरी कुजबुजली. त्याचे डोळे मोठे मोठे होत गेले. मोडलेल्या हाडाने झालं नसेल असं काहीतरी त्याच्या तोंडावर झालं.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी आले होते तुझ्या मागे. दुसऱ्या वर्षी."

"तोडलीस कधी?"

"एकही नाही."

"बोर्गिलला?"

"कोणालाही नाही. पोलिसांना सांगितली परवा, तीही कानात. ते पोचले होते तिथे, ऑस्मुन. उजेड होता तेव्हाच पोचले होते. तू नव्हतास."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग त्याने तिचा हात चाचपत शोधला.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला. "सगळी वर्षं. अगं, मग आपण दोघं मिळून गेलो असतो की."

 गुड्रुन त्याच्या पायांत मोजे घालायला लागली. एक मोजा उलटा घातला गेला, तो काढून परत सुलटा घातला.

त्याच आठवड्यात तो गेला. हाड डॉक्टरांनी जोडलं होतं, छाती त्यांच्या हाताबाहेर गेली.

अंत्यविधीला आमची सगळी इमारत होती, ट्रामवाले होते, नाटकवाले होते. मारीतही आली होती, आणि ती लाल जॅकेटवाली मुलंही, साध्या कपड्यांत. एकेकाने गुड्रुनचा हात धरून तेच सांगितलं. "काकू, आम्ही त्या दिवशी काही बघितलं नाही. अंधार होता." अंधार नव्हता. गुड्रुन प्रत्येकाला थँक यू म्हणत होती. मला ते सहन होईना, मी बाहेर जाऊन उभी राहिले.

नंतरच्या रविवारी मी पुन्हा टेबलावर होते. हंगामाचा शेवट, ऊन पडलेलं, रांग चांगली लांब. तेवढ्यात तळ्याच्या वाटेने गुड्रुन आली. हातात ऑस्मुनची टोपली, त्याच रुमालाने झाकलेली. बोर्गिल तिकडे लांब बाकावर बसली होती. गुड्रुन रांगेत उभी राहिली. लोकांनी तिला पुढे जायला सांगितलं, ती गेली नाही. पाळी आल्यावर तिने रुमाल काढला. टोपली भरलेली होती. रांगेतून कोणीही "आऽऽ" केलं नाही.

मी आवाज खाली आणून विचारलं, "एकटी गेलीस?"

"हो. बोर्गिलला इथे बाकावर बसवलं."

माझं डोकंच फिरलं. मी उठून उभी राहिले. "गुड्रुन! त्या जागेने तुझा नवरा खाल्ला! आणि तू पुन्हा एकटीच गेलीस? बहिणीला बाकावर बसवून? पाय घसरला असता तर? तुम्हा माणसांना झालंय काय?"

  गुड्रुन माझ्याकडे बघत राहिली. मग तिने त्या टोपलीकडे पाहिलं, मग लांब बाकावर बसलेल्या बहिणीकडे. 

"मला वाटलं होतं, तिथे गेल्यावर तो भेटेल," ती म्हणाली. "सगळी तोडून झाली आणि बोलायला कोणीच नाही, टोर्डिस. एक शब्द बोलायला कोणी नाही तिथे."

मग ती वळली आणि नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावा अशा आवाजात ओरडली, "बोर्गिल! ए बोर्गिल! ऊठ! तुला जागा सांगते!"

"ताई, इथे?" बोर्गिल उठून उभी राहिली. "इथून? सगळ्यांसमोर?"

"इथूनच! मला काही मरायचं नाहीये, म्हणून आत्ता सांगतेय. ऐक! गाडीतून उतरलं की..."

मी माझ्या उभ्या आयुष्यात असं काही बघितलेलं नाही. रांगेतल्या माणसांच्या अंगावर जणू कोणी गरम पाण्याचा बंब ओतला. एका म्हाताऱ्याने टोपी कानांवर ओढली. एका बाईने आपल्या दोन्ही पोरांचे कान दाबून धरले आणि स्वतः मोठ्याने गाणं गुणगुणायला लागली. कोणी मागे वळलं, कोणी तळ्याकडे चालायला लागलं, एक लांबलचक तरुण तर टोपली तिथेच टाकून चक्क पळाला. आणि गुड्रुन ओरडून सांगत होती, कुठला ओढा, कुठला खडक, कुठल्या बाजूला वळायचं, सगळं, अगदी शेवटपर्यंत. बोर्गिल दोन्ही हात तोंडावर धरून ऐकत होती.

सांगून झाल्यावर गुड्रुन धापा टाकत उभी राहिली. मग बहिणीजवळ जाऊन तिने तिचा हात धरला.

"चल," ती म्हणाली. "अजून उजेड आहे. तुला दाखवते."

दोघी हातात हात घालून झाडांत शिरल्या. आत जाईपर्यंत बोर्गिलची बडबड ऐकू येत होती, आणि मधूनच गुड्रुनचं हसणं, की रडणं, मला नीट कळलं नाही.

रांग हळूहळू परत जमली. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना. तो पळालेला तरुण आपली टोपली घ्यायला परत आला. शेवटी तो टोपीवाला म्हातारा माझ्या टेबलापुढे आला, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वारा फार होता. मला काहीच ऐकू आलं नाही."

झाडाचं पानही हलत नव्हतं.

"मलाही नाही," पोरांची आई म्हणाली. मग तिच्या मागचा म्हणाला, मग त्याच्या मागचा, अशी ती रांग शेवटपर्यंत म्हणत गेली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तशीच मी त्या म्हाताऱ्याची टोपली पुढे ओढली.